खुणेचा शब्द विचारल्याबाबत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
उद्योग सायबर सुरक्षा मार्गदर्शन कक्ष,
कोल्हापूर.

अर्जदार : दत्तोपंत गोविंद सांगवडेकर, हेडक्लार्क, इंगवले गणवेश भांडार, मंगळवार पेठ, कोल्हापूर.

विषय : मालकांना फोनवर खुणेचा शब्द विचारणे हा गुन्हा नसून ती आपल्याच कक्षाची शिकवण आहे, असे कागदावर लिहून व शिक्का मारून मिळणेबाबत.

संदर्भ : आपण गेल्या मार्च महिन्यात आमच्या दुकानाच्या माळ्यावर घेतलेला कर्मचारी प्रशिक्षण वर्ग.

महोदया,

१. विषय वाचून आपण हा अर्ज हसून बाजूला ठेवाल अशी भीती वाटते. कृपया ठेवू नये. येत्या सोमवारी आमचे मालक श्री. विजयसिंह इंगवले, ज्यांना आम्ही सर्व जण आण्णा म्हणतो, ते आमच्याकडील माजी कर्मचारी कु. क्रांती गुंडू गावडे हिच्याविरुद्ध पोलिसांत तक्रार देणार आहेत. दुकानाचे संगणक तिने सूडबुद्धीने बंद पाडले, असा त्यांचा आरोप आहे. वास्तविक तिने केले ते एवढेच, की आपण जे शिकवलेत ते तिने ऐकले. आपला वर्ग आमच्याकडे मन लावून ऐकणारी ती एकटीच होती आणि नोकरी गेली तीही तिचीच. सबब सोमवारच्या आत आपला कागद हाती पडावा, एवढीच मूळ विनंती आहे. पुढील हकीकत लांब आहे, त्याला माझा इलाज नाही.

२. आमचा व्यवसाय शाळेचे गणवेश शिवून देण्याचा आहे. कापड कबनूरच्या मागांवरचे, शिलाई आमच्या पेठेतली. दर वर्षी परीक्षा संपण्याआधी आमची माणसे एसटीने शाळाशाळांत जाऊन प्रत्येक मुलाचे माप घेतात आणि ती सर्व मापे संगणकात भरली जातात. या संगणकावर कु. क्रांती बसत असे. ती चंदगड तालुक्यातली, वडील एसटीत कंडक्टर. शहरात राहून स्वतःच्या पगारावर जगणारी त्यांच्या घरातली ती पहिली मुलगी. तिला नोकरी आण्णांनीच दिली, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. मुलाखतीत तिची इंग्रजीत तारांबळ उडाली, तेव्हा आण्णा म्हणाले होते की आपल्याला चड्ड्या शिवायच्या आहेत, भाषणे ठोकायची नाहीत. आण्णांचे मन मोठे आहे आणि आवाज त्याहून मोठा आहे.

३. आता आण्णांच्या फोन करण्याच्या पद्धतीविषयी. हे मी आपल्या वर्गातच सांगायला हवे होते, परंतु आण्णा पहिल्या रांगेत बसले होते. आण्णांकडे स्वतःचा मोबाईल आहे. तो बहुतेक वेळा घरी देवघरातल्या प्लगला चार्जिंगला लावलेला असतो आणि तिथेच राहतो. बाहेर पडल्यावर शेजारी जो कोणी उभा असेल त्याचा फोन ते हक्काने मागून घेतात. चहावाल्याचा, रिक्षावाल्याचा, लग्नातल्या आचाऱ्याचा. एकदा तर पावती फाडत असलेल्या वाहतूक हवालदाराचाच फोन घेऊन त्यांनी मला कापडाचे तागे मोजायला लावले होते. फोनवर ते नाव सांगत नाहीत, थेट कामाचे बोलू लागतात. त्यामुळे अनोळखी नंबर म्हणजे आण्णा, असा आमच्याकडे पक्का समज आहे. असा फोन आला की कर्मचारी खुर्ची सोडून उभा राहतो आणि 'व्हय आण्णा' म्हणतो. अनोळखी नंबरवरून कोणी काही करायला सांगितले तर करू नका, असे आपण शिकवलेत, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे का बघू लागलो याचा हा खुलासा समजावा.

४. त्यावर तोडगा आपणच काढलात. मालकांनी एक खुणेचा शब्द ठरवावा, पासवर्डसारखी नाजूक गोष्ट कोणी फोनवर मागितली तर कर्मचाऱ्याने आधी तो शब्द विचारावा, आणि समोरच्याला तो सांगता आला नाही तर फोन ठेवून द्यावा. शब्द असा निवडा की जो एरवी तुमच्या तोंडी येत नाही, असेही आपण म्हणालात. आण्णांना ही कल्पना एकदम पसंत पडली. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि आपल्या पत्नीचे नाव निवडले. ते त्यांनी तोंडाने सांगितले नाही, चिठ्ठीवर लिहून दिले, हे आपल्याला आठवत असेल.

आण्णांच्या पत्नीला आम्ही सर्व जण आक्का म्हणतो. आण्णा त्यांना लग्न झाल्यापासून 'अगं' एवढेच म्हणतात आणि परक्यांशी बोलताना 'आमची मंडळी' म्हणतात. लग्नात घास भरवताना नाव घ्यायची वेळ आली, तेव्हा त्यांनी नाव न घेता दोन्ही जिलब्या स्वतःच खाऊन टाकल्या होत्या, असे आक्का आजही सांगतात. तेव्हा मी अशी हरकत घेतली होती की महिला उद्योजकांना सवलती असल्यामुळे आमच्या दुकानाचे सगळे कागद आक्कांच्या नावाने आहेत, परवाना भिंतीवर कॅलेंडरच्या मागे टांगलेला आहे, हे नाव चोराला सहज मिळेल. आण्णा म्हणाले, "कागदावर असंल की. माझ्या तोंडात हाय का?" सगळे हसले, आपणही हसलात, आणि वर्ग संपला.

५. त्यानंतर महिनाभर आमच्याकडे सायबर सुरक्षेला जे भरते आले होते त्याचे वर्णन करणे अवघड आहे. झाडलोट करणाऱ्या बनाबाईंना शब्द माहीतच नव्हता, तरी त्या येणाऱ्या प्रत्येक कुरियरवाल्याला दारातच तो विचारत. कटिंग मास्तर बाळासो यांनी एका मुख्याध्यापकांना त्यांच्याच शाळेची मापे सांगायला नकार दिला. सर्व मापांची नक्कल पेनड्राइव्हवर काढून वेगळी ठेवावी, अशी आपली सूचना होती. नक्कल निघाली, परंतु पेनड्राइव्ह हरवू नये म्हणून बाळासोंनी ती शिलाईच्या दोऱ्याने संगणकालाच बांधली आणि ती कायम तिथेच खोचलेली राहिली. आपल्या कक्षाकडून आम्हा सर्वांची प्रमाणपत्रे लिंकवर आली होती. अनोळखी लिंक उघडू नये, या आपल्याच नियमाला धरून क्रांतीने ती सगळी एका दमात काढून टाकली. आण्णांनी तेव्हा तिची पाठ थोपटली. आज तेच आण्णा विचारतात की ही मुलगी प्रशिक्षित होती याला पुरावा काय, आणि दाखवायला आमच्याकडे काही नाही.

६. एप्रिलअखेरीस आण्णांच्या पुतण्याचा साखरपुडा कबनूरला होता. आक्का गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेल्या नव्हत्या. मुलीचा भाऊ संगणकातला जाणकार. तुमचा संगणक मी इथे बसून बघतो, काही सुधारणा असतील तर सुचवतो, असे तो म्हणाला. आपले दुकान कसे नुसत्या फोनवर चालते हे सोयऱ्यांना दाखवावे असे आण्णांच्या मनात आले. त्यांनी मुलीच्या वडिलांचा फोन घेतला, वाजंत्र्यांत ऐकू येईना म्हणून आवाज मोठा केला आणि क्रांतीला पासवर्ड सांगायला फर्मावले. क्रांती अदबीने म्हणाली, "आण्णा, आवाज तुमचाच वाटतोय, पण मॅडमनी सांगितलंय तसा शब्द तेवढा सांगा." आण्णा गप्प झाले. नियमाप्रमाणे थोडा वेळ वाट पाहून तिने फोन ठेवला.

आण्णांनी मग आचाऱ्याच्या फोनवरून फोन केला, त्यानंतर गुरुजींच्या. प्रत्येक वेळी तिने शब्द विचारला आणि प्रत्येक वेळी फोन ठेवला. तोवर भोवती पाहुण्यांचे कडे झाले होते. शब्द म्हणजे बायकोचे नाव आहे, हे आण्णांच्याच ड्रायव्हरने फोडले. मग मुलीची आजी मोठ्याने म्हणाली, "घ्या की नाव, लाजताय कशाला पावणं." सगळा मांडव हसला. आण्णा जेवण न करता परत निघाले. ते दुकानात शिरले तेव्हा मी हजर होतो. ते ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच आम्ही जास्त घाबरलो. उद्यापासून येऊ नको, एवढेच ते तिला म्हणाले. तिने डबा उचलला, संगणक नीट बंद केला आणि ती गेली.

७. मी आण्णांना समजावण्याचा प्रयत्न केला. शब्द आपणच ठरवला होता, असे म्हणालो. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते आपल्या विचारार्थ जसेच्या तसे देतो. "मी नाव घेतलं न्हाई म्हंजेच मी हाय, एवढं तिला कळाय नको? चोर असता तर पटाकदिशी घेऊन मोकळा झाला असता." महोदया, या युक्तिवादावर मी पुष्कळ विचार केला. त्यात तथ्य आहे, हीच माझी अडचण आहे. आमच्या दुकानात जो शब्द बरोबर सांगेल तो चोर आणि ज्याला तो सांगताच येणार नाही तो मालक, असा उलटा नियम आपसूक तयार झाला होता आणि तो वर्गात कोणाच्याच लक्षात आला नाही. परंतु हा नियम त्या मुलीला कोणी सांगितला होता? तिने शिकवल्याबरहुकूम केले. ती चुकली असेल तर आपणही चुकलात आणि मीही चुकलो, मग तिघांनाही काढायला हवे होते.

८. क्रांतीच्या जागी आण्णांचा भाचा यशराज याला बसवण्यात आले. मुलगा गुणी आहे, पण क्रांतीचे काय झाले ते त्याने पाहिले होते, आणि आण्णांनी यापुढे मला कोणी काही विचारायचे नाही असे सर्वांना बजावले होते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे बँड वाजत होता. लग्नसराई असल्याने त्यात नवल नव्हते. एक लिंक पाठवली आहे, ती उघड आणि दुकानातल्या सगळ्या संगणकांवर चालव, असे सांगण्यात आले. यशराज उभा राहिला, 'व्हय आण्णा' म्हणाला आणि त्याने तसे केले. थोड्या वेळात सर्व पडद्यांवर इंग्रजीत खंडणीचा मजकूर आला आणि सगळी मापे कुलूपबंद झाली. दोऱ्याने बांधलेल्या पेनड्राइव्हचीही तीच गत झाली.

फोनवर बोलणारा आण्णांसारखा वाटत होता का, असे मी यशराजला नंतर विचारले. तो म्हणाला की आवाज बारीक होता, मध्ये मध्ये हिंदी येत होते आणि तो माणूस यशराजला 'सर' म्हणत होता. मग तुला शंका आली नाही का, असे विचारताच तो रडवेला झाला. आण्णांचा घसा बसला असेल असे त्याला वाटले. विचारायचे धाडस त्याला झाले नाही. मी त्याला दोष देत नाही. आमच्याकडे विचारणाऱ्याचे काय होते, याचे प्रशिक्षण त्याला आपल्या वर्गापेक्षा चांगले मिळाले होते.

९. सध्या परिस्थिती अशी आहे. शाळांना सुट्टी लागली असल्याने मुले गावोगाव पांगली आहेत, मापे पुन्हा घेता येत नाहीत. बाळासो अंदाजाने कापड कापत आहेत. इयत्ता तिसरी म्हटले की ते डोळे मिटून एक मूल मनात आणतात आणि कात्री चालवतात. शाळा उघडल्यावर अर्धा चंदगड तालुका बाह्या दुमडून प्रार्थनेला उभा राहणार आहे. आण्णा दिवसभर बंद संगणकासमोर बसून असतात. त्यांना इतके खचलेले मी कधी पाहिले नव्हते, आणि खचलेल्या माणसाला कोणीतरी गुन्हेगार लागतो. पासवर्ड क्रांतीला माहीत होता, ती रागाने गेली, म्हणजे हे तिनेच घडवले, असे त्यांनी मनाशी पक्के केले आहे. फोन यशराजने उचलला आणि लिंकही त्यानेच उघडली, हे मी सांगितले की ते मान हलवतात आणि पुन्हा तिचेच नाव घेतात. तिचे नाव मात्र त्यांना बिनदिक्कत घेता येते.

१०. गेल्या मंगळवारी मला क्रांती सार्वजनिक वाचनालयात दिसली. नोकरी गेल्याचे तिने घरी कळवलेले नाही. रोज सकाळी डबा घेऊन ती खोलीवरून निघते आणि दिवसभर तिथे बसते. तक्रारीची कुणकुण तिला लागली होती. माझ्या नावावर पोलीस केस झाली तर वडील मला कायमची गावी नेतील, असे ती म्हणाली. मी तिला धीर देऊ लागलो, तर तिने मला मध्येच थांबवले. "काका, मी नेमकं काय चुकले तेवढं सांगा. दुसरीकडे लागले तर मी कुणालाच काही विचारणार न्हाई." महोदया, मला या मुलीचा अभिमान वाटत होता, तो तिच्या विचारण्याबद्दलच. आमचे संगणक आज ना उद्या सुरू होतील. पण तिने विचारायचेच सोडले, तर तिला पुन्हा विचारायला शिकवणारा वर्ग आपल्याकडे आहे का, हे कृपया कळवावे.

११. काल आण्णांनी तक्रारीचा मसुदा माझ्याकडून लिहून घेतला. मी लिहिला, कारण लिहिणे हे माझे काम आहे. परंतु साक्षीदार म्हणून सही करायला सांगितली तेव्हा मी नाही म्हणालो. आण्णांना नाही म्हणण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि ती निभावेल की नाही याची खात्री नाही. दुकान कागदोपत्री आक्कांचे असल्याने मुख्य सही त्यांची लागते. ती आणण्यासाठी मला घरी पाठवण्यात आले. आक्का एरवी मी पेन्सिलीने फुली केलेल्या जागी न वाचता सही करतात. काल त्यांनी चष्मा मागितला आणि संपूर्ण कागद वाचून काढला. मग त्यांनी विचारले की यात 'खुणेचा शब्द' असे सारखे लिहिले आहे, तो शब्द कोणता? त्यांना हे आजवर कोणी सांगितलेच नव्हते. मी सांगितले.

आण्णा बाहेरच्या सोप्यावर झोपाळ्यात बसले होते, त्यांना सगळे ऐकू जात होते. मग आक्का शांतपणे म्हणाल्या, "पोरीनं माझं नाव इचारलं, एवढाच तिचा गुन्हा न्हवं? या घरात आल्यापास्नं दुसरं कुणी इचारलंय?" त्यांनी कागद सही न करता मला परत दिला. बाहेरून आण्णांनी 'अगं' अशी हाक मारली. आक्कांनी ओ दिली नाही. अनोळखी माणसाला आपण उत्तर देत नाही, शब्द सांगितला तर बघू, असा निरोप त्यांनी माझ्याकरवी बाहेर पाठवला. तो पोचवताना माझी जी अवस्था झाली ती अर्जात लिहिण्यासारखी नाही. आज सकाळी चौकशी केली असता समजले की आण्णांनी अद्याप शब्द सांगितलेला नाही आणि चहाही त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन घेतला.

१२. तथापि आण्णा हट्टाला पेटले आहेत. आक्कांची सही नसली तरी स्वतःच्या नावाने सोमवारी तक्रार देईन, असे ते म्हणतात. म्हणून विनंती की, कु. क्रांती गावडे हिने जे केले ते आपल्या कक्षाच्या शिकवणीप्रमाणे व दुकानाच्या हितासाठी केले, असा शिक्क्याचा कागद द्यावा. तिचे प्रमाणपत्रही छापील स्वरूपात द्यावे, लिंक पाठवू नये, ती उघडणार नाही. तसेच आमच्याकडे पुन्हा एक वर्ग घ्यावा. या खेपेस कर्मचाऱ्यांची गरज नाही. समोर फक्त आण्णांना बसवावे आणि आपल्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसावर रागावू नये, एवढा एकच धडा त्यांच्याकडून घोटून घ्यावा. ते ऐकतील असे मला वाटते, कारण आपण बाहेरच्या आहात आणि आपल्यासमोर त्यांना ओरडता येत नाही.

कागद तयार झाल्यास मला फोन करावा. नंबर अनोळखी दिसला तर मी आपल्याला प्रथम आपले नाव व हुद्दा विचारीन. त्याबद्दल राग मानू नये.

आपल्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा,
नम्र,
(सही)
दत्तोपंत गोविंद सांगवडेकर
मंगळवार पेठ, कोल्हापूर
दिनांक : २३ मे २०२५

सोबत :
१) दुकानाच्या परवान्याची झेरॉक्स (कॅलेंडर बाजूला करून काढलेली).
२) आक्कांनी सही न केलेला तक्रारीचा मसुदा.
३) पेनड्राइव्ह एक, दोऱ्यासह.

वरील अर्ज मी स्वतः वाचला असून तो मला मान्य आहे. क्रांतीला कामावरून मी काढलेले नाही. तिने सोमवारी नेहमीच्या वेळेला कामावर यावे.

(सही)
संयोगिता विजयसिंह इंगवले
मालक, इंगवले गणवेश भांडार

ता. क. : वरील सहीमुळे आमचा खुणेचा शब्द आपल्या कार्यालयात उघड झाला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तो आजच बदलावा, असे मी आक्कांना सुचवले. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे त्योच. कवातरी घ्यावाच लागंल त्यास्नी."